बारा कळ्यांचा चणियो

बडोद्यात पाणीगेटच्या आतल्या आमच्या पोळात, म्हणजे जुन्या वस्तीच्या गल्लीत, आईला लोक तिच्या कातरीवरून ओळखत. बाबा रेल्वेच्या सिग्नल वर्कशॉपमध्ये होते, अंगानं धिप्पाड होते, पण पोळाच्या तोंडाशी कुणी आमचं घर विचारलं तर हात वर करून लोक सांगायचे, "इंदुबेन कटिंगवाळांनुं घर? पेली लीली बारी." ती हिरवी खिडकी. बाबांना त्याचं काही वाटत नसे. ते म्हणत, "घर सापडलं म्हणजे झालं." आई मिरजेहून लग्न होऊन बडोद्याला आली तेव्हा तिला गुजराती एक शब्द येत नव्हता. आणलं होतं ते एक पायमशीन आणि शिवणक्लासची आकडेमोडीनं भरलेली वही. पहिली दोन वर्षं बायका तिच्याशी खुणांनी बोलल्या म्हणे. मग कुणाचं तरी पोलकं तिनं शिवलं, आणि पोलक्याबरोबर उरलेल्या सगळ्या चिंध्या एका पुरचुंडीत बांधून परत दिल्या. पोळातल्या बायकांनी असं कधी पाहिलं नव्हतं. बाजारातला शिंपी कापड मारतो हे त्यांच्या आयुष्यातलं गृहीतच होतं. ही बाई बोटाएवढी चिंधीसुद्धा परत करते म्हटल्यावर आईकडे कापडांची रीघ लागली. कापताना आईचं चुकत नाही आणि कापड ठेवून घेत नाही, या दोन गोष्टींवर तिचं त्या परक्या गावातलं नाव उभं राहिलं होतं. तिला ते पक्कं माहीत होतं, आणि ती ते डोळ्यांत तेल घालून जपत असे.

घर वरच्या मजल्यावर, दीड खोलीचं. खिडकीशी मशीन, मशीनच्या उजव्या हाताला मी अभ्यासाला बसायची जागा, आणि त्यापलीकडे स्वयंपाकाचा ओटा. त्यामुळे माझी सगळी शाळा मशीनच्या खडखडाटात आणि फोडणीच्या वासात झाली. मशीन थांबलं की माझं वाचन थांबायचं, कारण थांबलं म्हणजे आई आता काहीतरी काम सांगणार. खाली पोळात सकाळी सेव-उसळवाल्याची गाडी यायची, दुपारी कल्हईवाला, संध्याकाळी समोरच्या देरासरातली, जैन मंदिरातली, घंटा. आईच्या हातचा स्वयंपाक मिरजेचाच राहिला, फक्त आमटीत गुळाचा खडा दर वर्षी थोडा थोडा मोठा होत गेला. बाबा एकदा म्हणाले, "आणखी पाच वर्षांनी आपण आमटीचा शिरा खाऊ." आईनं त्या दिवशी मुद्दाम गूळ घातला नाही, तर बाबांनीच उठून डबा काढला.

मी तेव्हा अकरावीत होते आणि घरात माझी एकच तक्रार होती. मला शिवता सगळं येत होतं. काजं, हातशिलाई, नेफा, गोट, बाहीची चुणी, सगळं. बॉबिन भरायला मी सहा वर्षांची असताना शिकले. पण कापायला आई हात लावू देत नसे. शिवण चुकली तर उसवता येते, कापलेलं उसवता येत नाही, हे तिचं म्हणणं. मला ते शंभर टक्के पटायचं आणि शंभर टक्के रागही यायचा. मी तशी लहानपणापासून हट्टी आणि तोंडाळ. आता सत्तरी जवळ आली तरी त्यात फार फरक पडलेला नाही, माझी सून सांगेल. "वर्षभर मी मशीनची हमालच आहे का?" असं मी एकदा आईला विचारलं. आई टाका न चुकवता म्हणाली, "हमालाला मजुरी मिळते. तू आधी ते काज नीट कर."

त्या वर्षी पितृपंधरवड्यात शेजारच्या मंजुबेन जिना चढून वर आल्या. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कापड आणि मागे त्यांची भारती, लाजत लाजत. भारती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, माझी जिवाभावाची मैत्रीण. तिचं उन्हाळ्यात जामनगरच्या मुलाशी जमलं होतं, आणि सगाईनंतरच्या पहिल्या नवरात्रासाठी तिच्या होणाऱ्या सासूनं चणियोचं, म्हणजे गरब्यातल्या घागऱ्याचं, कापड पाठवलं होतं. शिवून पाठवलं नाही, कारण माप माहीत नव्हतं. आठमीला सासू स्वतः बडोद्याला येणार, भारतीनं तिच्यासमोर ते नेसून पोळातल्या गरब्यात फिरायचं, अशी योजना. मंजुबेननी गुंडाळी सोडली आणि आम्ही दोघी मायलेकी एकदमच पुढे वाकलो. हळदी रंगावर तांबडे हत्ती. तळहाताएवढे, सोंड वर केलेले, ओळीनं चाललेले, आणि प्रत्येकाच्या पाठीवर वेगळी झूल.

"इंदुबेन, आ तमारे ज सीववानुं छे," मंजुबेन म्हणाल्या. "बीजा कोईना हाथमां नहि आपुं. बार कळीनो चणियो. वेवाणे बार कळीनुं ज मोकल्युं छे." विहीणबाईंनी कापड बारा कळ्यांपुरतंच पाठवलं होतं.

आईनं कापड बोटांत धरून बघितलं, पन्हा टेपनं मोजला, लांबी मोजली, आणि मग बराच वेळ नुसती हत्तींकडे बघत बसली. "पंधरवडा सरू दे," ती म्हणाली. पितृपंधरवड्यात आमच्याकडे नव्या कापडाला कातर लावत नसत. "आणि याला जरा डोकं लावावं लागणार आहे." तिनं ते कपाटात वरच्या फळीवर ठेवलं. मी त्या वाक्याचा अर्थ असा लावला की आईला वेळ नाही. अकरावीतल्या मुलीला आईच्या वाक्याचा दुसरा अर्थ असू शकतो हे कुठं ठाऊक असतं?

कळी म्हणजे काय हे आजच्या वाचकाला सांगायला हवं, कारण माझी नातसुद्धा चणियो भाड्यानं आणते. मी आता राहते त्या वासणा भागात आमच्या सोसायटीच्या खाली दुकान आहे, तिथून नऊ दिवसांचे नऊ, आरसे लावलेले, आणि परत करताना दुकानदार आरसे मोजून घेतो. असो. आपला मराठी परकर म्हणजे सरळ पाट जोडून, वर चुण्या घालून नाडीत ओवलेला. कमरेशी गोळा आणि खाली तेवढाच. चणियो तसा नसतो. तो त्रिकोणांचा करतात. कापडाची लांब पट्टी घ्यायची आणि ती एका कोपऱ्याच्या जरा अलीकडून दुसऱ्या कोपऱ्याच्या जरा अलीकडे, तिरकी कापायची. एका पट्टीच्या दोन कळ्या होतात, वर तीन बोटं, खाली वीतभराहून जास्त, म्हणजे टोक छाटलेला त्रिकोण. प्रत्येक कळीची एक कड सरळ, एक तिरकी. जोडताना एकीच्या सरळ कडेला दुसरीची तिरकी कड लावायची. तिरकीला तिरकी जोडली तर कापड ताणतं आणि घागरा तिथे लोंबतो. अशा बारा जोडल्या की कमरेशी कापड बेताचं बसतं आणि मुलगी गिरकी घेते तेव्हा खालचा घेर आपोआप उघडतो. शिवाय एक चिंधी वाया जात नाही, कारण एका कळीचं डोकं दुसरीच्या पायाशी येतं. आईला कळ्यांचं काम आवडे ते या काटकसरीसाठी. तोवर तिनं शिवलेले सगळे चणियो साधे, नाहीतर बुट्टीचे होते. मी तिला पंचवीस वेळा तरी ते कापताना पाहिलं होतं. डोळे मिटून मी कापू शकले असते.

घट बसले. माळ चढली, धान्य पेरलं, आईचे नऊ दिवसांचे उपास सुरू झाले. शेंगदाण्याची आमटी, वऱ्याचे तांदूळ आणि त्यावर बाबांचा लांबलेला चेहरा. आईच्या मशीनवर आठ पोलकी आणि तीन चणियो पडले होते आणि हत्ती अजून फळीवरच. तिसऱ्या माळेला आईला जवळच्या सावली गावी मावशीकडे सवाष्ण म्हणून जायचं होतं. सकाळच्या बसनं गेली, जाताना सांगून गेली, "दिव्यात तेल बघ. पोलक्यांना हुक लाव." मी हुक लावले. तेल बघितलं. मग दुपारचे दोन वाजले, पोळ निजला, आणि मी स्टूल घेऊन कपाटासमोर उभी राहिले.

त्या वेळी मी स्वतःला काय सांगितलं ते मला नीट आठवतं. आईचा भार हलका होईल, असं सांगितलं. ते निव्वळ थोतांड होतं. मला कातर चालवायची होती, आणि तीही कुणाच्या जुन्या पायजम्यावर नव्हे, या हत्तींवर. संध्याकाळी आई येईल, बारा कळ्यांची चळत बघेल आणि काही बोलणार नाही, नुसती भुवई वर करेल. ती एक भुवई मला हवी होती.

जमिनीवर चटई झटकून मी कापड पसरलं. भारतीची लांबी वहीत लिहिलेली होतीच. अडतीस इंच आणि दुमडीचं. तीन पाट फाडले. आईसारखी कडेला एक काप देऊन दोन्ही हातांनी फाडले, सरळ रेषेत. प्रत्येक पाटाच्या दोन पट्ट्या केल्या. खडूनं तिरकी रेघ आखली, दोनदा मोजली. आणि कातर चालवली. जाड कापडातून मोठी कातर जाते त्याचा एक आवाज असतो, भरीव, करकरीत. तो आपल्याच हातून निघालेला मी पहिल्यांदा ऐकत होते. एकही काप डगमगला नाही. चार वाजता बारा कळ्या आणि मुठीत मावेल एवढी चिंधी. मी इतकी खूश झाले की एकटीच हसले.

मग म्हटलं, घेर कसा दिसतो तो बघू. म्हणून मी कळ्या जमिनीवर गोलात मांडल्या, निमुळत्या बाजू आत, रुंद बाजू बाहेर. पहिली मांडली, दुसरी मांडली, आणि दुसरीवर हात तसाच राहिला. पहिल्या कळीवर हत्ती पायांवर चालले होते. दुसरीवर सगळेच्या सगळे डोक्यावर उभे होते. तिसरी बघितली, पायांवर. चौथी, डोक्यावर. एका कळीचं डोकं दुसरीच्या पायाशी ठेवून कापायचं ना? साध्या कापडाला वर-खाली नसतं. हत्तीला असतं. सहा सरळ, सहा उलटे. मी त्या उलट्या सहा फिरवून बघितल्या, तर हत्ती सुलटे झाले आणि कळ्या उलट्या, रुंद बाजू कमरेशी. परत फिरवल्या. असं किती वेळ करत होते देव जाणे.

आधी आले बाबा. बूट काढता काढता त्यांनी जमिनीवरचा गोल पाहिला. "हे सर्कशीतले आहेत का?" त्यांनी विचारलं. मी भोकाड पसरलं तेव्हा त्यांना कळलं की प्रकरण हसण्यासारखं नाही. त्यांनी चहा केला. त्यांना चहा येत नसे, तरी केला, आणि आम्ही दोघं तो पिऊन दारातून जिन्याकडे बघत बसलो.

आई आली. सावलीची खण-नारळाची पिशवी तिनं खाली ठेवली, आणि गोलाकडे पाहिलं. ओरडली नाही. नेसूच्या साडीतच चटईच्या कडेला बसली आणि एकेक कळी उचलून बघू लागली. तिरकी कड, सरळ कड, वरची रुंदी. सगळ्या बघून झाल्यावर म्हणाली, "काप चांगला आहे." हे तिनं ज्या आवाजात म्हटलं त्यापेक्षा तिनं मला एक ठेवून दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मी डोकं लावायचंय म्हटलं होतं ना, सुधा? ते याचंच. हे तीन पाटांचं कापड आहे. हत्ती उभे ठेवून यात बारा कळ्या बसतच नाहीत. मी याचा चुण्यांचा करणार होते, आपल्या परकरासारखा. तीनही पाट सरळ, सगळे हत्ती पायांवर. मंजुबेनना उद्या तेच सांगणार होते."

"मग आता?"

"आता निम्मं कापड गेलं," आई म्हणाली. "दुसऱ्याच्या घरून आलेलं. पाचव्या दिवशी जामनगरच्या त्या बाई येतील आणि विचारतील, आमचं निम्मं कापड कुठं गेलं. काय सांगायचं? शिंपिणीनं खाल्लं?" एवढं बोलून ती उठली, हातपाय धुतले, घटापुढच्या दिव्यात तेल घातलं. मी तेल बघितलं होतं, तरी घातलं. आईला एवढं घाबरलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. बाबांनी विचारलं, "बाजारात तसलंच मिळणार नाही का?" ती म्हणाली, "जामनगरचं छापकाम आहे ते. बघते मंगळबाजारात. पण आधी मंजुबेनना सांगायचं. दुरुस्ती नंतर. चल."

मंजुबेनच्या ओसरीवर मी कळ्या मांडल्या आणि माझ्या तोंडानं सांगितलं. मी कापल्या, आई घरी नव्हती. मंजुबेननी दोन्ही हात गालांवर ठेवले. "हाय हाय, आ हाथी तो ऊंधा छे!" शेवटी भारती पुढे आली. तिनं एक उलटी कळी कमरेशी धरली, मान खाली घालून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पण मने तो सीधा ज देखाय छे ने!" खरंच होतं ते. नेसणारीनं वरून पाहिलं की उलटे हत्तीच तिला सरळ दिसणार. "तारी सासु ऊपरथी नथी जोवानी!" मंजुबेन कडाडल्या, आणि मग त्यांनाच हसू फुटलं, आणि त्यांच्यामागून मला रडू.

दुसऱ्या दिवशी आम्ही मंगळबाजार पालथा घातला. तसले हत्ती कुठंच नव्हते. मग आईनं ठरवलं की सहा हत्तींच्या कळ्या आणि मध्ये मध्ये सहा साध्या. साधं कापड रग्गड होतं, पण तिला पसंत पडेना. प्रत्येक दुकानात ती कापड मुठीत चुरगळायची आणि सोडून द्यायची. हलकं आहे, म्हणायची. कळ्या एका वजनाच्या नसल्या की गिरकीत हलकी वर उडते, जड खाली राहते, आणि घेर वेडावाकडा दिसतो. घरी आल्यावर ती बराच वेळ कपाटासमोर उभी होती. मग तिनं तिची नारायणपेठी काढली, सुती, जाड, किरमिजी. सणासुदीची तिची हीच. मुठीत चुरगळली. "हं," म्हणाली. "आणि इतक्यांदा धुतलीय की आता आटायची नाही, रंग सोडायची नाही." काठ तिनं स्वतः उसवून बाजूला ठेवला. साडी चटईवर पसरली, खडू माझ्या हातात दिला आणि कातर माझ्यासमोर ठेवली.

मी म्हटलं, "मी नाही."

"तूच," आई म्हणाली. "नाहीतर तुला आता जन्मभर भीती बसेल. काप."

मी कापल्या. रेघ सुटली नाही. आई तोवर खिचडीचा साबुदाणा भिजवत होती आणि एकदाही वळून बघत नव्हती. मग चार दिवस आम्ही दोघी त्या चणियोवर बसलो. हत्ती, किरमिजी, हत्ती, किरमिजी. सरळ कडेला तिरकी कड. बाकीची पोलकी आई पहाटे उठून उरकायची. जोडून झाल्यावर तो नाडीनं खुंटीला एक पूर्ण दिवस टांगून ठेवला, तिरप्या कडा जेवढ्या ओघळायच्या तेवढ्या ओघळू दिल्या, आणि मग खाली लोंबलेलं छाटून गोट लावला. तो टांगलेला असताना बाबा वर्कशॉपमधून आले की आधी त्याला एक गिरकी द्यायचे. किरमिजी आणि हळदी एकमेकांत मिसळून जायचे. खरं सांगायचं तर सगळे हत्ती असते तर तो इतका सुरेख दिसला नसता. पण हे त्या घरात तोंडानं म्हणायची माझी हिंमत नव्हती.

आठमीच्या संध्याकाळी मंजुबेनच्या ओसरीवर पोळातल्या सगळ्या बायका जमल्या होत्या. आरतीला वेळ होता. भारतीची सासू पाटावर बसली होती. बारीक, ताठ, नाकात चमकी, आणि बोलण्यापेक्षा बघणारी. भारती चणियो नेसून बाहेर आली. बायकांनी "वाह" म्हटलं. सासूनं तिला जवळ बोलावलं, चणियोची कड हातात घेतली आणि उलटून आतली शिवण बघू लागली. मग बोटानं कळ्या मोजल्या. एक, दोन, तीन. किरमिजीवर बोट थांबलं.

"बार कळीनुं कापड में मोकल्युं'तुं," ती म्हणाली. आवाज शांतच होता. "अडधुं ज छे. बाकीनुं क्यां?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या, आणि मग, मी अजून ते विसरलेले नाही, हळूहळू सगळ्यांचे डोळे माझ्या आईकडे वळले. पंधरा वर्षं पुरचुंड्या बांधून परत दिलेल्या बाईकडे. मंजुबेननी तोंड उघडलं, पण आईच आधी उठली. तिच्या हातात पिशवी होती. तिनं त्यातून सहा उलट्या कळ्या काढल्या, इस्त्री केलेल्या, आणि सासूपुढे ओळीनं मांडल्या. मुठीएवढी चिंधीसुद्धा त्यांच्या शेजारी ठेवली.

सासू त्यांच्यावर वाकली. "हाथी ऊंधा थई गया'ता?"

"हा."

"कोणे वेतर्युं?" कुणी कापलं?

मी प्रसादाचं ताट घेऊन दाराशी उभी होते. मी एक पाऊल पुढे टाकलं हे नक्की. तोंडही उघडलं होतं. पण आई माझ्याकडे न बघता, तिच्या मिरजेच्या गुजरातीत, सगळ्या पोळाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "में वेतर्युं. भूल मारी छे."

मंजुबेननी मान खाली घातली. भारतीनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. सासूनं एक कळी उचलली, फिरवली, परत फिरवली, अगदी मी केलं होतं तसं. आणि मग त्या ताठ बाईचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. "भूल तो मारीये छे," ती म्हणाली. दुकानात तिनं हत्ती पाहिले, त्यांचं डोकं कुठं आणि पाय कुठं ते पाहिलंच नाही, नेहमीच्या हिशेबानं बारा कळ्यांचं फाडायला सांगून मोकळी झाली. हत्ती उभे ठेवायचे तर दुप्पट लागलं असतं. सगळी ओसरी हसायला लागली. सासूनं उलट्या कळ्या नीट घडी घालून आपल्या थैलीत ठेवल्या, गोधडीला होतील म्हणाली, आणि आईला पाटावर आपल्या शेजारी बसवून घेतलं. त्या रात्री भारती गरब्यात फिरली तेव्हा घेर एकसारखा उघडत होता. आईनं ते बसल्या जागेवरून, डोळे बारीक करून, कळीकळीनं तपासलं.

घरी आल्यावर मी आईला विचारलं, तू का सांगितलंस तसं. मला राग आला होता, स्वतःचा, आणि तो मी तिच्यावर काढत होते. आई केसांतला गजरा काढत होती. "माझं एकदा चुकलं म्हणून कुणी मला कापड द्यायचं थांबणार नाही," ती म्हणाली. "तुला मात्र परत कुणी दिलं नसतं. झोप आता."

थांबलं कुणीच नाही. पण त्यानंतर पोळातली प्रत्येक बाई आईकडे कापड देताना म्हणायची, "इंदुबेन, हाथी सीधा राखजो हों!" कापड साधं पांढरं असलं तरी म्हणायची. अर्ध्या सुताची चूक ज्या बाईला सहन होत नसे ती प्रत्येक वेळी त्यांच्याबरोबर हसायची. मी शेजारी मशीनवर असायचे, आणि हसताना तिनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पुढच्या दिवाळीपासून निम्मं कापणं माझ्याकडे आलं. नंतर जन्मभर मी तेच केलं आणि पोरींना शिकवलंही. आईचे हात थकले तेव्हा तिची गिऱ्हाइकं माझ्याकडे आली आणि कुणीही मला हत्तींवरून काही सुचवलं नाही. मंजुबेन गेल्या, पण त्यांच्या तोंडून ते बाहेर पडलं नाही.

गेल्या महिन्यात भारतीचा जामनगरहून फोन आला होता. आम्ही दोघी दात, गुडघे, नातवंडं यावर बोलत होतो, तेवढ्यात मागून तिच्या सुनेचा आवाज आला. ती आपल्या मुलीला कापड कापताना बजावत होती, बघ हं, इंदुमासीसारखे हत्ती उलटे करशील. भारती गडबडली, विषय बदलायला गेली. मी तिला म्हटलं, राहू दे. पण त्या दिवसापासून मला चैन नाही. ज्या मुलींनी आईला कधी पाहिलंही नाही त्या तिला एवढ्याच एका गोष्टीसाठी ओळखतात, आणि ती गोष्ट तिची नाही. मी तेव्हा दाराशी एक पाऊल पुढे टाकून थांबले, ते दुसरं पाऊल आज टाकते. त्या बारा कळ्या तिसऱ्या माळेच्या दुपारी मी कापल्या. माझ्या आईनं आयुष्यात एकही हत्ती उलटा कापला नाही.